आधी पायी, मग जिप्सीत : जयपूरच्या रानातला एक दिवस

जयपूरला येणारे आपल्याकडचे पाहुणे ठरलेल्या क्रमाने फिरतात. हवामहल, जंतरमंतर, आमेरचा किल्ला, बापू बाजारातली खरेदी आणि वेळ उरलाच तर जलमहालासमोर उभं राहून एक फोटो. मी विद्याधर नगरात राहते. दिवाळीनंतर पुण्याहून, नागपूरहून, ठाण्याहून कोणी ना कोणी घरी येतंच आणि त्या प्रत्येकाकडे माझी एकच मागणी असते. एक अख्खा दिवस मला द्या. त्या दिवशी किल्ला नाही, बाजार नाही. सकाळी पायी रान बघायचं आणि दुपारनंतर जिप्सीत बसून जंगलात शिरायचं. हा क्रम मी हट्टाने पाळते आणि तुम्हीही पाळावा, म्हणून हा लेख.

बहुतेक लोक थेट बिबट्याच्या सफारीचं तिकीट काढतात. तीनेक तास त्यांचे डोळे झाडीत फक्त ठिपके शोधत असतात. बिबट्या दिसला नाही की ‘काहीच दिसलं नाही’ असं म्हणत खाली उतरतात. त्या तीन तासांत त्यांच्या समोरून मुंगूस गेलेलं असतं, ढोलीच्या तोंडाशी पिंगळा ऊन खात बसलेला असतो, सातभाईंचा थवा कशावर तरी चिडून कालवा करत असतो. यांतलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही, कारण नजर आणि कान तयार झालेले नसतात. गाइड कितीही जाणकार असला तरी तो फक्त बोट दाखवू शकतो. बघायचं तुम्हालाच असतं आणि ती सवय चालत्या गाडीत लागत नाही.

विद्याधर नगर या कामाला फार सोयीचं आहे. 1727 मध्ये सवाई जयसिंहांनी जयपूर वसवलं तेव्हा नगररचनेचं काम बघणाऱ्या विद्याधर भट्टाचार्यांचं नाव या वस्तीला आहे. वस्तीचा आराखडा 1980 च्या दशकात बाळकृष्ण दोशींनी केला. दोशी मूळचे पुण्याचे, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले. पुढे 2018 मध्ये त्यांना वास्तुकलेचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. पाहुण्यांना हे सांगितलं की ते वस्तीकडे जरा आपुलकीनं बघायला लागतात. पण आपल्याला काम आहे ते वस्तीच्या कडेला, नाहरगडच्या डोंगरपायथ्याशी. तिथे किशन बाग आहे.

किशन बाग नावावरून फुलझाडांची बाग वाटते, पण तिथे हिरवळ नाही आणि कारंजीही नाहीत. वाऱ्याने वाहून आणलेली वाळू डोंगराला अडून पायथ्याशी साठत गेली, तिच्या टेकड्या झाल्या. ही सुमारे 64 हेक्टर जागा जयपूर विकास प्राधिकरणाने राखली आणि वृक्षअभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे मूळची वाळवंटी झाडं-गवतं पुन्हा रुजवली. जोधपूरचा राव जोधा डेझर्ट रॉक पार्कही त्यांनीच उभा केला. किशन बाग 2021 च्या डिसेंबरात लोकांसाठी खुली झाली. वाळू पायाने तुडवली जाऊ नये म्हणून लाकडी पायवाटा केल्या आहेत. जागोजागी फलक आहेत, ते वाचत चला. फाटक उघडण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलू शकते, तेव्हा आदल्या दिवशी विचारून घ्या आणि उघडताक्षणी आत शिरा. पहिले दोन तासच खरे. ऊन चढलं की पाखरं सावलीला जातात.

सह्याद्रीतल्या माणसाला इथलं रान पहिल्या नजरेला रान वाटतच नाही. आंबोली किंवा मोलेच्या दाट सदाहरित जंगलात फिरलेल्या डोळ्यांना हे सगळं फिकट, ठेंगणं आणि काटेरी दिसतं. त्यावर माझा एक उपाय आहे. मी आधी ओळखीची झाडं दाखवते. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पुजतो ती. तिच्या शेंगांची सांगरी होते आणि ती इथल्या प्रत्येक घरच्या भाजीत असते. केर म्हणजे आपल्याकडच्या माळरानावरची नेपती. धोक हा आपल्या धावड्याचा सख्खा भाऊ. थंडीत त्याची पानं तांब्यासारखी होतात, मग गळतात, आणि उन्हाळाभर अख्खा डोंगर वाळल्यासारखा दिसतो. तो मेलेला नसतो. पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात तोच डोंगर हिरवा झालेला मी दरवर्षी बघते.

कुमठ्याच्या झाडापाशी मात्र थांबायचंच. हे डिंक देणारं बाभळीच्या कुळातलं झाड. त्याचे काटे तीन-तीनच्या जुडीने येतात, दोन वर वळलेले आणि मधला खाली आकडीसारखा. मागच्या नोव्हेंबरात माझ्या भाच्यांना घेऊन पायवाटेच्या वळणावर उभी होते. धाकटीने विचारलं, “हे पान असं का लटकलंय?” ते पान नव्हतं, नाकतोडा होता. पाठीतून आरपार काटा गेलेला, मागचा एक पाय अजून हलत होता. आम्ही चार पावलं मागे सरलो आणि गप्प उभे राहिलो. पाच-सात मिनिटांत डोळ्यावर काळी पट्टी असलेला खाटीक आला, शेजारच्या फांदीवर बसला, आमच्याकडे बघून घेतलं आणि काट्यावरच्या नाकतोड्याचं डोकं तोडून खाल्लं. या पक्ष्याला खाटीक का म्हणतात ते पोरींना पुन्हा सांगावं लागलं नाही. त्यानंतर दोघी प्रत्येक काटेरी झाडापाशी थांबू लागल्या. मी नजर तयार होणं म्हणते ते हेच.

किशन बागेत शक्यतो पक्षी जाणणारा कोणी सोबत घ्या. शहरात पक्षीनिरीक्षकांचे गट आहेत, ओळखीतून कोणी ना कोणी मिळतं. दुर्बीण 8 बाय 42 ची पुरे. म्हणजे आठ पट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर. याहून जास्त ताकदीची दुर्बीण नवख्याच्या हातात थरथरते आणि पक्षी सापडत नाही. एक साधी गोष्ट आधी घरीच घोटून घ्या. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवायची नाही, मान खाली घालायची नाही, दुर्बीणच उचलून डोळ्यांशी आणायची. निम्मे पक्षी हातचे जातात ते दुर्बिणीकडे बघण्याच्या नादात. आवाजावरून पक्षी सुचवणारं मर्लिन हे मोफत अॅप फोनमध्ये असू द्या, पण त्याचं म्हणणं डोळ्यांनी पडताळल्याशिवाय वहीत उतरवू नका.

दुपारी घरी या, जेवा, तासभर पडा. ज्यांना झोप येत नाही त्यांनी हिवाळ्यात जलमहालाच्या पाळीवर जाऊन यावं. मानसागराच्या पाण्यात थापट्या, तलवार बदक, वारकरी असे हिवाळी पाहुणे दिसतात, कडेच्या चिखलात शेकाटे चालत असतात. पर्यटकांचा सगळा लोंढा महालाचे फोटो काढत असतो, म्हणून पक्ष्यांकडे बघायला जागा मोकळी मिळते. फुटाणे किंवा पाव टाकून माशांना आणि पक्ष्यांना खायला घालण्याचा मोह मात्र आवरा. त्याने पाणी कुजतं.

आता झालाना. शहराच्या आग्नेयेला, मालवीय नगरच्या अंगाला असलेलं हे बिबट्यांचं राखीव जंगल जेमतेम 20 चौरस किलोमीटरचं आहे. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान याच्या पाचपट मोठं. पूर्वी ही जयपूरच्या राजघराण्याची शिकारीची जागा होती, जुनी शिकार ओदी, म्हणजे शिकारीसाठीची इमारत, अजून उभी आहे. आता चहूबाजूंनी वस्ती आहे आणि मधल्या घळीत बिबटे, तरस, कोल्हे, खोकड, रानमांजरं नांदतात. पलीकडे गलत्याच्या बाजूला आमागडचं जंगल आहे, तिथेही 2022 पासून सफारी सुरू झाली. एकाच दिवसात दोन्ही करायचा हव्यास नको. विद्याधर नगरहून झालानाला जायला शहर ओलांडावं लागतं. रहदारीप्रमाणे पाऊण तास ते तास धरा आणि त्यावर अर्धा तास जास्तीचा ठेवा. गाडी सुटल्यावर मागून जाऊन ती गाठता येत नाही.

बुकिंग वनविभागाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होतं. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या आणि नाताळच्या सुट्टीतल्या जागा फार आधी भरतात, म्हणून रेल्वेचं तिकीट काढाल त्याच दिवशी हेही काढून ठेवा. सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, त्या त्याच वेळी बघून घ्या. बुकिंगला जे ओळखपत्र लावलं तेच मूळ ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात हवं. एका जानेवारीत माझ्या मावसभावाने बुकिंगला एक कार्ड लावलं आणि आणलं दुसरंच. त्याला बाहेर थांबावं लागलं. चूक आमची होती, नियम बरोबर होता, पण त्याचं एवढं लांब येणं वाया गेलं. तेव्हापासून मी घरातून निघतानाच सगळ्यांची कार्डं हातात घेऊन बघते.

कपडे मातकट किंवा शेवाळी रंगाचे असावेत. पांढरा आणि भडक लाल टाळा, अत्तर लावू नका. जानेवारीतल्या संध्याकाळी उघड्या जिप्सीत वारा इतका बोचतो की मुंबईचे लोक अर्ध्या तासात गारठतात. कानटोपी, मफलर, जाड मोजे आणि मांडीवर घ्यायला एक शाल आणाच. मे महिन्यात याच्या नेमकं उलट. पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा ओला पंचा मानेवर हवा आणि माणशी दोन लिटर पाणी हवं. खायचं सगळं फाटकाबाहेर उरकून घ्या. धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या काय आणाल ते आधी खा. आत पुडी उघडायची नाही. स्वच्छतागृहातही आधीच जाऊन या, कारण मध्ये उतरता येत नाही. पाठीचा किंवा मानेचा त्रास असलेल्यांनी मागची सीट घेऊ नये, रस्ता खडबडीत आहे आणि सगळे हिसके मागे बसतात. पाच वर्षांखालच्या मुलाला आणायचं की नाही हे त्याच्या स्वभावावर ठरवा. जे मूल वीस मिनिटं गप्प बसू शकत नाही त्याच्यासाठी किशन बाग उत्तम, झालाना नको.

गाइडशी बोलायला हिंदी पुरते, तरी त्याचे काही शब्द माहीत असले की फार फरक पडतो. तो बिबट्याला बघेरा म्हणेल, नाहीतर सरळ पँथर. जरख म्हणाला तर ते तरस. रोजडा म्हणजे नीलगाय, विदर्भातली मंडळी तिला रोही म्हणतात. सेही म्हणजे साळिंदर, गोह म्हणजे घोरपड, कमेडी म्हणजे होला, टिटोडी म्हणजे टिटवी. लोमडी म्हणाला की आपण पटकन कोल्हा समजतो, पण ती खोकड. कोल्ह्याला तो गीदड किंवा सियार म्हणेल. ‘खोज’ म्हणाला की लगेच खाली धुळीत बघा, त्याला पावलांचा माग दिसलेला असतो. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कारण तो नखं आत ओढून चालतो. कुत्रा, कोल्हा, तरस यांच्या ठशात ती उमटतात. मुलांना हे एकदा दाखवलं की पुढच्या वळणापासून तीच ठसे शोधू लागतात.

निघण्याआधी गाइडला एक वाक्य सांगा : “आम्हाला बघेरा दिसलाच पाहिजे असं नाही, तुम्हाला जे दाखवावंसं वाटतं ते दाखवा.” मी हे प्रत्येक फेरीला सांगते आणि त्याचा चेहरा सैल झालेला बघते. रोज बिबट्या मागणारी माणसं त्याच्या मानगुटीवर बसलेली असतात. त्यापायी गाड्या पळवल्या जातात, एका जनावराभोवती पाच-पाच गाड्यांचा घोळका होतो. तुम्ही हे ओझं काढून घेतलंत की तो गाडी बंद करवतो आणि ऐकू लागतो. जंगलातली खरी बातमी कानाने येते.

एका फेब्रुवारीत संध्याकाळच्या फेरीला असंच झालं. एका घळीच्या तोंडाशी गाइडने हात वर केला, चालकाने इंजिन बंद केलं. आधी काहीच नाही. मग डावीकडच्या झाडावर एक खार एका सुरात चिरचिरू लागली, थांबेचना. तिच्या खालच्या झुडपातून सातभाई उडून वरच्या फांदीवर आले आणि सगळे एकाच जागेकडे तोंड करून ओरडू लागले. गाइड मला हळूच म्हणाला, “खार जिथे बघतेय तिथे बघा, माझ्याकडे नको.” दोन-तीन मिनिटांनी जरा वरच्या अंगाला मोराने ओरडायला सुरुवात केली. त्याची नेहमीची लांबलचक केका ही नव्हती, आखूड, तुटक आवाज होता. खार खाली गप्प झाली, मोर वर ओरडत राहिला. म्हणजे जे काही होतं ते घळीतून वर चढत होतं. आम्हाला ते अखेरपर्यंत दिसलं नाही. फक्त एकदा वाळल्या गवताची एक रेघ हलली आणि शांत झाली. गाडीतल्या सहाजणांपैकी एकालाही फसवल्यासारखं वाटलं नाही. तो बिबट्या कुठून निघाला आणि कुठे गेला हे आम्हाला सगळ्यांना कळलं होतं.

खार सतत चिरचिरते ती मांजर, मुंगूस, साप किंवा शिक्रा बघूनही. म्हणून एका आवाजावर भरवसा ठेवायचा नसतो. दोन-तीन वेगवेगळ्या जातींनी एकाच दिशेला इशारा दिला की थांबण्यात अर्थ आहे. वीस मिनिटं थांबा. गाडीतल्या कोणी घाई केली तर त्याला समजवा. बिबट्या दिसलाच तर उभं राहू नका, बोट पुढे काढू नका, फ्लॅश बंद आहे ना ते पुन्हा बघा. त्याच्या वाटेवर गाडी आडवी घालायला चालकाला कोणी सांगत असेल तर स्पष्ट ‘नको’ म्हणा. चालक तुमचंही ऐकतो. फेरी झाल्यावर आवडलं असेल तर गाइडला आणि चालकाला दोघांनाही बक्षिशी द्या आणि ती बिबट्या दिसला-न दिसला यावर ठरवू नका.

घरी आल्यावर जेवायच्या आधी वही काढा. जात, जागा, अंदाजे संख्या, काय करत होता. नाव माहीत नसेल तर रंग आणि चोच लिहा. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ किंवा सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक जवळ असेल तर त्याच रात्री उघडा, दुसऱ्या दिवशी तपशील पुसट होतात. यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवलीत तर तुमचा एक दिवस इथल्या नोंदींतही जमा होतो.

हिवाळा पक्ष्यांच्या संख्येसाठी चांगला, एप्रिल-मे पाणवठ्यांवर जनावरं दिसण्यासाठी. पण मला निवडायला सांगितलंत तर मी जूनचा शेवट किंवा जुलै निवडीन, नवरंगासाठी. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर ऐकू येणारा हाच तो पक्षी. पाठ हिरवी, छाती-पोट फिकट मातकट, शेपटीखाली लालभडक, डोळ्यावरून जाडसर काळी पट्टी आणि पंखावर निळा तुकडा. इथले लोक त्याला नौरंग म्हणतात. हिवाळा तो दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढतो. मे संपताना किंवा जूनमध्ये हा चिमणीहून थोडा मोठा पक्षी एवढा पल्ला उडून झालानाच्या काटेरी घळीत येतो आणि काटक्या-पानांचं गोल, बाजूला दार असलेलं घरटं बांधतो. जमिनीवर पाचोळा उलटा करत तो किडे वेचतो, म्हणून वर बघू नका, खाली सावलीत बघा.

तेव्हा येणार असाल तर एक कळकळीची विनंती आहे. नवरंगाला जवळ बोलावण्यासाठी फोनवर त्याची शीळ वाजवू नका आणि गाइडलाही वाजवायला सांगू नका. दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला असं समजून तो घरटं, अंडी, पिल्लांचं भरवणं सोडून धावत येतो, पुन्हा पुन्हा येतो आणि त्याच्या मोजक्या आठवड्यांतला वेळ अशा लढाईत जातो जी मुळात नसतेच. त्याची दोन सुरांची शीळ ऐकायला फोन लागत नाही. उजाडताना आणि दिवस मावळताना तो ती स्वतःहून घालतो. नवरंगासाठी तेवढा माझा क्रम मोडून सकाळच्या पहिल्या फेरीचं तिकीट काढा, तेवढं पुरे.